बँकेची नोटीस आली की घर नेमकं कुठल्या तारखेला जातं

आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका बँकेच्या वसुली विभागात काही वर्षं टेबलावर होतो, नोटिसा टाइप केल्या, पाकिटं पोस्टात नेऊन टाकली, साहेबांबरोबर लोकांच्या दारावर कागद चिकटवायला गेलो, शिव्या पण खाल्ल्या. आता नोकरी सुटली आणि कोर्टाच्या गल्लीत टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकलंय. माणसं येतात, प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेले कागद काढतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ लिलाव किती तारखेला शे? हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण लिलावाची तारीख म्हणजे घर सोडवायची तारीख नाहीच, ती तर बरेचदा महिनाभर आधीच निघून गेलेली असते.

माझ्या सख्ख्या मामाचं हेच झालं. अमळनेरला किराणा दुकान, त्यासाठी १२ लाखांचं कर्ज, राहतं घर गहाण. २०२४ ला घराचा लिलाव निघाला. मामाने कॅलेंडरवर तारखेला लाल पेनाने गोल केला, मामीचं सोनं मोडलं, शिंदखेड्याच्या जावयाकडून उसने घेतले आणि लिलावाच्या तीन दिवस आधी सगळी रक्कम घेऊन बँकेत गेला. साहेब म्हणाले जाहिरात येऊन चार आठवडे झाले, आता तुमचा हक्क राहिला नाही, बोलीवाल्यांनी अनामत पण भरलीय. मामा फोनवर मला एवढंच म्हणाला, "पैसा शेतस ना मनाकडे, मंग?" मला उत्तर माहीत होतं. पण त्याने लाजेपायी मला आधी काही सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तर आता पहिल्यापासून, पायरी पायरीने सांगतो.

पाकिटावर नाव कोणाचं

सगळ्यात आधी कर्ज कोणाकडून आहे ते बघा कारण त्यावरच कायदा ठरतो. सरकारी बँक, खाजगी बँक, हाउसिंग फायनान्स, यांना २००२ चा सरफेसी कायदा लागतो. त्याच्या आधी बँकेला दावा टाकावा लागायचा आणि निकालाला वर्षानुवर्षं जायची, या कायद्याने बँक कोर्टाची पायरी न चढता स्वतः ताबा घेऊन मालमत्ता विकू शकते. हा अन्याय आहे म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले होते पण २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात कायदा टिकला, फक्त ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे डीआरटी या कर्ज वसुली न्यायाधिकरणात, दाद मागायला आधी ७५ टक्के भरायची जी अट होती ती उडाली.

को-ऑपरेटिव्ह बँकेला सरफेसी लागत नाही असं छातीठोक सांगणारे अजून प्रत्येक तालुक्याला एक तरी भेटतात. लागतो. ५ मे २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजच्या घटनापीठाने तो विषय संपवलाय. फायनान्स कंपनी असेल तर तिची मालमत्ता १०० कोटींच्या वर आणि तुमचं कर्ज २० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तिलाही हा कायदा वापरता येतो.

पतसंस्थेचं मात्र गणित वेगळं. ती बँक नाही. तिथे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १०१, म्हणजे वसुली दाखला, आणि मग नियम १०७ खाली जप्ती आणि लिलाव. गंमत अशी की तिथे लिलाव झाल्यावर सुद्धा ३० दिवस मिळतात, त्या मुदतीत सगळी थकबाकी आणि वर खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरली तर विक्री रद्द करून घेता येते. म्हणजे पतसंस्थेत शेजाऱ्याचं घर लिलावानंतर सुटलेलं आपण पाहिलेलं असतं आणि मग आपल्याला वाटतं बँकेत पण तसंच होईल. नाही होत. खाली जे लिहिलंय ते बँकेच्या सरफेसीचं आहे, पतसंस्थेच्या कागदाला ते लावू नका.

शेत आहे का प्लॉट

आपल्या खान्देशात निम्मे वाद इथेच असतात. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, कलम ३१ मध्ये ते सरळ लिहिलंय. रावेर-यावलचा केळीचा बाग, चोपड्याकडची कापसाची काळी जमीन, यावर बँक सरफेसीचा बोर्ड लावू शकत नाही. याचा अर्थ कर्ज माफ असा नाही हां, बँक दावा टाकू शकते, २० लाख किंवा वर असेल तर डीआरटीत जाऊ शकते, सोसायटीचं कर्ज असेल तर परत ते १०१ आहेच.

पण सातबारा आहे म्हणजे शेती असं धरून बसू नका. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या बाहेर जे लेआउट पडलेत तिथे एन.ए., म्हणजे बिगरशेती, होऊन घरं उभी राहिली तरी गट नंबरचा सातबारा चालूच असतो. घर असलेल्या एन.ए. प्लॉटचा सातबारा दाखवून सुटका होत नाही. कोर्ट विचारतं जमिनीचा खरा वापर काय, पेरता का, पीक पाहणीला काय लावलंय. उलट खरोखर कसत असाल आणि बँकेने तिच्यावर नोटीस काढली असेल तर पीक पाहणीच्या नोंदीसकट सातबाऱ्याचे उतारे काढून ठेवा, तुमचं सगळ्यात भक्कम हत्यार तेच आहे.

आणखी दोन सुटका आहेत. कर्ज एक लाखापर्यंतचं असेल तर किंवा बाकी राहिलेली रक्कम एकूण मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरी हा कायदा लागत नाही. १५ वर्षं हप्ते भरून शेवटच्या दोन वर्षांत अडकलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

६० दिवसांची नोटीस

हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या भाषेत थकीत खातं. समजा ५ जानेवारीचा हप्ता गेला आणि पुढे पण काहीच भरलं नाही, तर ५ एप्रिलला ९० दिवस भरले. मग बँक कलम १३(२) ची नोटीस काढते, बँकेत सगळे तिला थर्टीन-टू म्हणतात. तिच्यात एकूण येणं किती आणि कुठली मालमत्ता गहाण आहे हे दोन्ही लिहिलेलं पाहिजे. नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस. तुम्हाला पोस्टमनने दिली त्या दिवसापासून नाही, नोटिशीवर जी तारीख आहे तिथून मोजायला लागा. २० एप्रिलची नोटीस असेल तर १९ जून.

नोटीस घेऊ नका असा सल्ला देणारा एक तरी शहाणा चावडीवर असतोच. मी स्वतः अशी परत आलेली पाकिटं फायलीला लावलीत, "घेण्यास नकार" असा पोस्टाचा शेरा असला की बँकेचं काम उलट सोपं होतं. नंतर ती दारावर चिकटवतात, दोन पेपरात छापतात, आणि सगळ्या गल्लीला कळतं जे एरवी घरातच राहिलं असतं. घ्या नोटीस. पाकीट पण जपून ठेवा, त्यावर शिक्का असतो.

या ६० दिवसांत तीन कामं.

एक, बँकेकडून खात्याचा पूर्ण उतारा लेखी मागा, दंडव्याज, विमा, वकील फी सगळं वेगवेगळं दिसेल असा. आकडे चुकतात, मी टाइप करताना चुकलेत, खोटं कशाला बोलू.

दोन, हरकत असेल तर लेखी द्या. याला बँकेने १५ दिवसांच्या आत कारणासहित उत्तर द्यायचं असतं. हे उत्तर पटलं नाही म्हणून लगेच डीआरटीत जाता येत नाही, पण पुढे केस झाली तर हा कागद कामाला येतो. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही.

तीन, आणि हे सगळ्यात स्वस्त, थकलेले सगळे हप्ते व्याजासकट भरून खातं नियमित करायचा प्रयत्न करा. सगळे म्हणजे सगळे. दोन हप्ते भरून आले, साहेबांनी चहा पाजला आणि माणूस निवांत झाला, अशी किती उदाहरणं सांगू. अर्धवट पैसे बँक घेते, पण घड्याळ थांबत नाही.

नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही की भाड्याने पण देता येत नाही. पण संमती घेऊन विकता येतं, आणि घर वाचणारच नसेल तर हा रस्ता मी प्रत्येकाला सांगतो, कारण स्वतः गिऱ्हाईक आणून विकलं तर लिलावापेक्षा भाव बरा येतो. जामीनदारांनो, तुम्ही पण जागे रहा, आधी कर्जदाराचं विका मग माझ्याकडे या असं म्हणायची सोय या कायद्यात नाही.

कागदावरचा ताबा

६० दिवस संपले की बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. इथे लोक फसतात कारण पहिला ताबा बहुतेक वेळा कागदावरचा असतो. दोन माणसं येतात, दारावर ताबा नोटीस चिकटवतात, मोबाइलवर फोटो काढतात, निघून जातात. तुम्ही घरातच. चूल पेटते, पोरं शाळेत जातात, आणि वाटतं काही झालंच नाही, पाहसूत पुढे. पण कायद्याच्या हिशोबाने ताबा गेला. सात दिवसांच्या आत ती नोटीस दोन पेपरात येते, त्यातला एक मराठी.

इथूनच ४५ दिवस सुरू होतात. कलम १७ खाली डीआरटीत अर्ज टाकायचे हे ४५ दिवस. ३ जुलैला ताबा तर १७ ऑगस्टपर्यंत. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या लोकांना त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, वकील बघायला आणि कागद जमवायला पंधरा दिवस असेच जातात. फी फार नाही, १० लाखांपर्यंतच्या येण्याला लाखामागे ५०० रुपये. मात्र स्टे पाहिजे असेल तर ट्रायब्युनल बहुतेक वेळा काही रक्कम भरायला लावतं, तेवढी तयारी ठेवून जा. ट्रायब्युनलच्या निकालावर वर अपील करायचं तर ५० टक्के भरायचे, ते फार तर २५ वर येतात. गावातल्या सिव्हिल कोर्टात मनाई हुकूम मागायला जाऊ नका, कलम ३४ ने ते दार बंद आहे, वकिलाची फी तेवढी जाते.

डीआरटीत काय बघतात? कायद्याची पायरी चुकली का. नोटीस योग्य पत्त्यावर गेली का, हरकतीला उत्तर दिलं का, शेतजमीन आहे का, हिशोब बरोबर का. आजारपण, पडलेले भाव, वाया गेलेला हंगाम हे सगळं खरं असतं हो, पण त्यावर ऑर्डर निघत नाही.

कुलूप लागतं तेव्हा

खरा ताबा घ्यायला बँक कलम १४ खाली कलेक्टरकडे किंवा चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करते. बँकेच्या अधिकाऱ्याने नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, ३० दिवसांत ऑर्डर, फार तर ६०. मग हुकूम तहसीलदाराकडे येतो आणि एक दिवस तहसील कार्यालयाचा माणूस, पोलीस, बँकेचे लोक आणि पंच असे सगळे दारात. कलेक्टर ऑफिसात जाऊन आमचं ऐका असं म्हणून उपयोग नसतो, तिथे वाद ऐकायचा अधिकारच नाही, फक्त बँकेचे कागद पूर्ण आहेत का ते बघतात. आमदाराचा फोन पण तारीख एखादा आठवडा पुढे ढकलतो, त्यापलीकडे काही नाही.

त्या दिवशी भांडू नका. गहाण घर आहे, घरातलं सामान नाही, त्यामुळे भांडी, कपाट, फ्रिज, देवघर सगळं तुमचंच. सामानाची यादी पंचनाम्यात लिहून घ्या आणि प्रत मागा. औषधं, पोरांचे दाखले, आधार कार्ड, गॅसचं पुस्तक हे आदल्या दिवशीच दुसऱ्याकडे ठेवा. आणि रात्री जाऊन कुलूप तोडणं, हे आमच्या इथे एकाने केलं, घर तर गेलंच वर पोलीस केस. घरात भाडेकरू असेल तर त्याचा भाडेकरार गहाण ठेवायच्या आधीचा आणि रजिस्टर केलेला आहे का हे बघतात, नंतर कागद तयार करून मेव्हण्याला भाडेकरू दाखवायचा डाव टिकत नाही.

ती तारीख

आता मुद्द्याचं. गहाण सोडवायचा हक्क कधी संपतो? २०१६ च्या आधी कलम १३(८) असं होतं की विक्रीच्या ठरलेल्या तारखेच्या आधी कधीही सगळे पैसे भरले की मालमत्ता सुटायची. जुन्या लोकांच्या डोक्यात हाच नियम बसलाय, आणि माझ्या मामाच्या पण. १ सप्टेंबर २०१६ पासून तो बदलला. आता सगळी रक्कम लिलावाची जाहिरात प्रसिद्ध व्हायच्या आधी भरायची. जाहिरात छापली की हक्क संपला.

हे किती कडक आहे ते २०२३ च्या बाफना मोटर्सच्या प्रकरणात दिसलं. लिलावात बोली गेली १०५ कोटींच्या घरात, कर्जदार म्हणाला मी १२९ कोटी देतो, हायकोर्टाने हो म्हटलं, बँकेला पण जास्तच मिळत होते. सुप्रीम कोर्टाने २१ सप्टेंबर २०२३ ला ते रद्द केलं, मालमत्ता लिलावात घेणाऱ्यालाच मिळाली. २४ कोटी जास्त देऊन जिथे सुटली नाही तिथे आपली काय कथा.

जाहिरातीनंतर आणि लिलावाच्या आधी बँकेने स्वतःहून पैसे घेऊन लिलाव थांबवला असं होतं कधीकधी, पण ती मर्जी झाली, हक्क नाही. ओटीएसचं, म्हणजे एकरकमी तडजोडीचं, पण तसंच, तडजोड द्याच असं कोणी बँकेला सांगू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हेच म्हटलंय.

मग करायचं काय? ताबा नोटीस चिकटली की त्याच आठवड्यात समजून घ्या की जाहिरात कुठल्याही दिवशी येऊ शकते. बँक तुम्हाला ३० दिवसांची विक्री नोटीस देते पण पेपरातली जाहिरात त्याच दिवशी येऊ शकते, म्हणजे नोटीस हातात पडेपर्यंत तारीख गेलेली. म्हणून पैसे जमत असतील तर नोटिशीची वाट बघू नका. बँकेला पत्र द्या की कलम १३(८) खाली पूर्ण रक्कम भरायची आहे, आजच्या तारखेचा खर्चासकट आकडा लेखी द्या. थकलेले हप्ते नाहीत, पूर्ण येणं, हे लक्षात ठेवा. आकडा मिळाला की आरटीजीएस किंवा डीडी, रोख नाही, आणि सोबत परत पत्र, परत पोच. एवढं वेळेत झालं की बँकेला विकता येत नाही.

सुटलं घर तर कागद परत घ्यायला विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर बोजा असेल तर बँकेचा दाखला नेऊन तो कमी करून घ्या, नाहीतर पोराच्या लग्नात कर्ज काढायला जाल तेव्हा परत तोच बोजा समोर येईल.

लिलाव झालाच तर

बँक सरकारमान्य व्हॅल्युअरकडून किंमत काढते आणि त्यावर राखीव किंमत ठरते, ती फारच कमी वाटली तर लगेच लेखी हरकत द्या, लिलाव झाल्यावर नाही. पहिल्या लिलावात गिऱ्हाईक आलं नाही तर पुढच्या वेळी १५ दिवसांची नोटीस पुरते. घेणाऱ्याने त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरायचे, बाकीचे १५ दिवसांत, लेखी मुदतवाढ मिळाली तर तीन महिन्यांपर्यंत. मग त्याला विक्री प्रमाणपत्र मिळतं. येणं फिटलं नाही तर उरलेल्यासाठी बँक तुमच्या मागे परत येते. आणि जास्त आले तर जास्तीचे तुमचे, ते कलम १३(७) मध्ये आहे.

हे शेवटचं वाक्य मी नोकरीत असताना कोणाला सांगितल्याचं आठवत नाही. मामाचं घर २१ लाखांना गेलं, येणं आणि खर्च धरून साडेचौदाच्या आसपास होतं. सात महिने बाकीचे पैसे बँकेतच पडून, मामा लाजेने त्या रस्त्याने पण जात नव्हता आणि बँकेतून कोणी फोन केला नाही. मग मी दुकानात बसून दोन ओळींचा अर्ज टाइप केला, विक्रीचा हिशोब द्या आणि शिल्लक माझ्या खात्यात जमा करा. मामाने चष्मा चढवून सही केली, पोच घेऊन आला, आणि चौथ्या आठवड्यात मेसेज आला. त्यातले पहिले पैसे जावयाला परत गेले.